माणूस गेल्यानंतर येणारे बिल

अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेच्या खर्चाने नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्धाला स्वतःच्या उत्पन्नातून महिन्याला किमान ३० डॉलर हातखर्चासाठी ठेवता येतात. केस कापणे, फोनचे बिल, नातवाच्या वाढदिवसाचे कार्ड, आवडीची बिस्किटे, सगळे त्यातच भागवायचे. बऱ्याच राज्यांनी आपल्यापुरती ही रक्कम वाढवली आहे. पण केंद्रीय कायद्याने ठरवलेला किमान आकडा १९८८पासून जागचा हललेला नाही. पेन्शनमधले उरलेले पैसे नर्सिंग होमकडे जातात. एकट्या माणसाला बँकेत साधारण २,००० डॉलर शिल्लक ठेवायची मुभा बहुतेक राज्यांत असते. इतक्या काटेकोर हिशेबातून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे राहते घर. ते फार मोठ्या किमतीचे नसेल, तर अर्ज मंजूर करताना सहसा मोजले जात नाही. मुलांना वाटते, निदान घर तरी वाचले.

माणूस गेल्यावर काही दिवसांनी वारसांच्या हाती राज्य सरकारचे पत्र पडते. तुमच्या आईवर किंवा वडिलांवर मेडिकेडने अमुक इतका खर्च केला, तो त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून परत करावा, असा त्याचा मजकूर. मागे बहुधा घरच राहिलेले असते. या व्यवस्थेला ‘इस्टेट रिकव्हरी’ म्हणतात आणि ती चालवणे अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला कायद्याने बंधनकारक आहे.

ती समजून घ्यायची, तर मेडिकेअर आणि मेडिकेड यांतला फरक आधी नीट पाहायला हवा. दोन्ही योजना १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या एकाच सहीने जन्माला आल्या. मेडिकेअर ही पासष्टीच्या पुढच्या सर्वांसाठी. नोकरीच्या काळात पगारातून कापलेल्या पैशांवर बऱ्याच अंशी उभी. मेडिकेड गरिबांसाठी, केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतली. शस्त्रक्रिया, हृदयविकार, कर्करोग यांचा खर्च मेडिकेअर उचलते. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, शौचाला नेणे हा तिच्या लेखी वैद्यकीय उपचार नाही. इस्पितळातून सुटल्यावर अटी पुऱ्या होत असतील, तर नर्सिंग होममधले फार तर १०० दिवस ती देते. त्यांतले पहिले २० दिवस पूर्ण खर्चाचे. पुढच्या प्रत्येक दिवसाला रुग्णाने दोनशे डॉलरहून जास्त भरायचे. त्यानंतर ज्याचे त्याने पाहावे.

आणि पाहायचे म्हणजे काय? २०२३मध्ये नर्सिंग होममधल्या स्वतंत्र खोलीचा सर्वसाधारण वार्षिक खर्च १ लाख १६ हजार डॉलरच्या घरात होता. दोघांत एक खोली घेतली तरी एक लाखाच्या वर. दोन वर्षांत आयुष्यभराची बचत संपते. ती संपली की माणूस मेडिकेडच्या दारात येतो. कारखान्यात राबलेला, शाळेत शिकवत आलेला, कधी सरकारी मदत न घेतलेला माणूसही. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या अमेरिकनांपैकी दहातल्या सहांचा खर्च मेडिकेड उचलते. गरिबांसाठी काढलेली योजना अशी मध्यमवर्गाच्या म्हातारपणाची शेवटची टेकण होऊन बसली आहे.

मदत करायची आणि मरणानंतर ती परत घ्यायची, ही कल्पना मेडिकेडहून जुनी आहे. महामंदीच्या काळात, १९३५ साली झालेल्या सोशल सिक्युरिटी कायद्यात गरीब वृद्धांसाठी साहाय्याची योजना होती. तिच्यातच एक कलम होते : राज्याने मृत लाभार्थीच्या मालमत्तेतून काही वसूल केले, तर त्यातला निम्मा वाटा केंद्राला द्यावा. मेडिकेड आल्यावर वसुली राज्यांच्या मर्जीवर राहिली. १९८२मध्ये राज्यांना आणखी एक हत्यार मिळाले. जो रुग्ण नर्सिंग होममधून परत घरी येण्याची शक्यता नाही, त्याच्या घरावर तो हयात असतानाच बोजा चढवण्याची परवानगी. आपल्याकडे सातबाऱ्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो, तसाच हा.

खरे वळण ऑगस्ट १९९३मध्ये आले. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे अर्थसंकल्पीय तूट कमी करणारे विधेयक तेव्हा जेमतेम पार पडले. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१६. सिनेटमध्ये बरोबरी झाल्याने उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना निर्णायक मत द्यावे लागले. देशभर चर्चा होती ती करवाढीची. त्या जाडजूड कायद्यात इस्टेट रिकव्हरी सक्तीची करणारे कलम होते, त्याकडे सामान्य माणसाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. ५५ वर्षांच्या पुढच्या लाभार्थ्यावर नर्सिंग होम, घरी मिळणारी दीर्घकालीन देखभाल आणि तिच्याशी निगडित इस्पितळ व औषधे यांवर झालेला खर्च राज्यांनी वसूल केलाच पाहिजे, असे ते सांगते. मेडिकेडने दिलेली इतर कोणतीही सेवा वसुलीत धरायची की नाही, हे राज्यांवर सोडले.

सगळ्या राज्यांनी ते आनंदाने स्वीकारले नाही. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, गरीब, कोळशाच्या खाणींचे राज्य थेट कोर्टात गेले. वसुली केली नाही तर केंद्र मेडिकेडचा निधी रोखणार, ही जबरदस्ती आहे, असे त्याचे म्हणणे. २००२मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ते फेटाळले. मिशिगनने तर टाळाटाळ करत २००७पर्यंत कायदाच केला नाही.

प्रत्यक्षात काय घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू, आकडे समजण्यापुरते. एका लहान गावातली ८० वर्षांची विधवा. नवरा असताना दोघांनी तीस वर्षे हप्ते भरून सोडवलेले घर, किंमत १ लाख २० हजार डॉलर. पडून मांडीचे हाड मोडते, पाठोपाठ विसरभोळेपणा वाढतो, नर्सिंग होम अटळ होते. शिलकीतले पैसे वर्षाच्या आत संपतात. मग मेडिकेड. तिचे पेन्शन वजा जाता मेडिकेड महिन्याला ६,५०० डॉलर भरते. तीन वर्षांनी ती जाते तेव्हा सरकारच्या वहीत २ लाख ३४ हजार डॉलरची नोंद असते. मुलगा प्रोबेटसाठी, म्हणजे वारसाहक्काच्या मंजुरीसाठी, कोर्टात जातो, तिथे राज्याचा दावा दाखल होतो. अंत्यविधी, कोर्ट आणि वकील यांचा खर्च आधी भागवतात. घर विकून उरलेले सगळे राज्याकडे जाते. तरीही लाखाहून जास्त बाकी राहते. ती मात्र मुलाकडून वसूल होत नाही. दावा मृताच्या मालमत्तेवर असतो, वारसाच्या खिशावर नाही. हे ठाऊक नसल्याने घाबरून स्वतःच्या बचतीतून पैसे भरायला निघणारे वारसही असतात, म्हणून हा मुद्दा ठळकपणे सांगायला हवा.

कायद्याने काही आडोसे ठेवले आहेत. मृताचा जोडीदार हयात असेपर्यंत वसुली करता येत नाही. २१ वर्षांखालचे मूल असेल, किंवा कोणत्याही वयाचे अंध वा अपंग अपत्य असेल, तरीही नाही. वसुलीने वारसांवर अनाठायी संकट कोसळणार असेल, तर सूट देण्याची सोय प्रत्येक राज्याने ठेवलीच पाहिजे. अशी सूट कोणाला द्यावी, याचे दाखले केंद्राच्या मार्गदर्शिकेत आहेत : घर ज्याच्या उत्पन्नावर चालते असे एकमेव शेत, किंवा त्या परगण्यातल्या सरासरी घराच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीचे राहते घर. पण हे दाखलेच; बंधन नाही. एका राज्यात ज्या कुटुंबाला सूट मिळते, त्याच परिस्थितीतल्या कुटुंबाचे घर शेजारच्या राज्यात विकावे लागते.

मालमत्ता कशाला म्हणायचे, यातही असाच फरक. काही राज्ये फक्त प्रोबेट कोर्टातून वारसांकडे जाणारी मिळकत धरतात. काही राज्ये संयुक्त नावावरची मिळकत, हयातीपर्यंतचा वहिवाटीचा हक्क, ट्रस्टमध्ये ठेवलेले घर, सगळे धरतात. पहिल्या प्रकारच्या राज्यात वकिलाकडून योग्य ते कागद करून घेतले, तर घर प्रोबेटच्या बाहेरून मुलांकडे जाते आणि सरकार हात लावू शकत नाही. बक्षीसपत्र करून घर आधीच मुलांच्या नावे करता येते. मात्र मेडिकेडला अर्ज करण्याआधीच्या ६० महिन्यांत केलेले असे प्रत्येक हस्तांतर तपासले जाते आणि दिलेल्या रकमेच्या प्रमाणात काही महिने मदत नाकारली जाते. २००६पूर्वी ही मुदत बहुतांश हस्तांतरांसाठी ३६ महिन्यांची होती. म्हणजे धडधाकट असताना, पाच वर्षे आधी, वृद्धांच्या कायद्यात मुरलेल्या वकिलाकडे जाणारा माणूस सुटतो. ज्याला हे माहीतच नाही, किंवा ज्याला वकिलाची फी परवडत नाही, तो सापडतो.

या व्यवस्थेतला अन्याय नेमका इथे आहे. ती श्रीमंतांना पकडण्यासाठी आखली असे सांगितले गेले. चांगली मालमत्ता दडवून सरकारी खर्चावर म्हातारपण काढायचे आणि वारसांना सगळे सुखरूप पोहोचवायचे, हा प्रकार करदात्यांवर अन्याय करणारा आहे, हे म्हणणे चूक नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कामगाराच्या करातून दुसऱ्याच्या मुलांचा वारसा का जपायचा, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. पण तीस वर्षांच्या अनुभवात जाळ्यात कोण आले, ते आकड्यांतून दिसते.

मेडिकेडच्या धोरणांवर अमेरिकन काँग्रेसला सल्ला देणारा मॅकपॅक नावाचा आयोग आहे. मार्च २०२१च्या अहवालात त्याने वसुलीचा लेखाजोखा मांडला. २०१९ या आर्थिक वर्षात सर्व राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी ३० लाख डॉलर वसूल केले. आकडा मोठा वाटतो, पण दीर्घकालीन देखभालीवरच्या मेडिकेडच्या खर्चाच्या तुलनेत तो एका टक्क्याहूनही कमी भरतो. शिवाय ही रक्कम सगळी राज्याच्या तिजोरीत राहत नाही. मेडिकेडचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च केंद्र देते, त्यामुळे वसुलीतला तेवढा हिस्सा केंद्राकडे परत जातो. उरलेल्यातून कर्मचारी, वकील आणि अनेक ठिकाणी टक्केवारीवर काम करणाऱ्या खासगी कंपन्या यांचे भागवायचे. दुसरीकडे, मेडिकेडवर असताना मरण पावलेल्या वृद्धांपैकी बहुतेकांच्या मागे ५० हजार डॉलरचीही मालमत्ता नसते. सरकारला फार थोडे मिळते आणि कुटुंबाचे मात्र होते-नव्हते ते जाते.

त्यात अलीकडे एक नवी गुंतागुंत आली. बऱ्याच राज्यांनी मेडिकेडचे काम खासगी विमा कंपन्यांकडे सोपवले आहे. राज्य कंपनीला प्रत्येक लाभार्थ्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देते. त्या महिन्यात त्याने सेवा घेतली की नाही, याच्याशी संबंध नाही. मरणानंतर वसुली होते ती या मासिक रकमांच्या बेरजेची. घरी आठवड्यातून काही तास मदतनीस येत असे, एवढीच सेवा घेतलेल्या माणसाच्या वारसांसमोर हजारो डॉलरचा दावा येतो, आणि तो कोणत्या सेवेचा, याचा तपशील मागितला तर दाखवण्यासारखे फारसे नसते. प्रत्यक्ष सेवेचा खर्च कमी असेल तर तेवढाच वसूल करण्याची मुभा राज्यांना द्यावी, ही मॅकपॅकची एक शिफारस. सूट देण्याचे किमान निकष देशभर ठरवावेत, ही दुसरी. तिसरी सर्वांत मूलगामी : १९९३ची सक्ती रद्द करून वसुली करायची की नाही, हे पुन्हा राज्यांवर सोपवावे.

काँग्रेसने ती सक्ती उठवलेली नाही. इलिनॉयच्या प्रतिनिधी जॅन शाकाउस्की यांनी २०२२मध्ये वसुली बंद करणारे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. मात्र राज्यांनी आपल्या हातात होते तेवढे केले. कॅलिफोर्नियाने २०१७पासून वसुली केंद्रीय कायद्याच्या किमान मर्यादेवर आणली आणि ती फक्त प्रोबेटमधल्या मिळकतीपुरती ठेवली. मॅसॅच्युसेट्सने २०२४मध्ये साधारण तीच वाट धरली.

इतर देशांनी हा तिढा कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. आयर्लंडची ‘फेअर डील’ ही २००९ची योजना वसुली करते, पण उघडपणे आणि मोजून. नर्सिंग होममध्ये जाणारा माणूस उत्पन्नाच्या ८० टक्के आणि मालमत्तेच्या किमतीच्या दरवर्षी साडेसात टक्के देतो. राहत्या घरावर हा हिस्सा पहिली तीन वर्षेच लागतो. माणूस दहा वर्षे नर्सिंग होममध्ये राहिला, तरी घराच्या किमतीचे साडेबावीस टक्केच जातात, आणि तेही हवे तर मरणानंतर भरता येतात. पहिल्याच दिवशी कुटुंबाला कळते की जास्तीत जास्त किती जाणार.

इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असलेल्याला देखभालगृहाचा खर्च स्वतः करावा लागतो. हा आकडा २०१०पासून तोच आहे. एकट्या माणसाचे घर त्यात मोजले जाते. हयातीत घर विकायला लागू नये म्हणून स्थानिक परिषद पैसे भरते आणि पुढे व्याजासह घरातून वळते करून घेते. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने २०११मध्ये सुचवले होते की एका माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा असावी. कायदा झाला, तारखा ठरल्या, पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२४मध्ये नव्या सरकारने ८६,००० पौंडांच्या मर्यादेची योजना गुंडाळली. हा विषय राजकारण्यांना किती चटके देतो, ते २०१७मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अनुभवले. घरी मिळणाऱ्या देखभालीसाठीही घराची किंमत मोजण्याचा प्रस्ताव त्यांनी जाहीरनाम्यात घातला, विरोधकांनी त्याला ‘डिमेन्शिया टॅक्स’ म्हटले, आणि चार दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली.

ऑस्ट्रियाने जानेवारी २०१८पासून नर्सिंग होमच्या खर्चासाठी रुग्णाच्या किंवा वारसांच्या मालमत्तेला हात लावणेच बंद केले. फ्रान्सचा अनुभव वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. तिथे १९९७मध्ये परावलंबी वृद्धांसाठी काढलेली मदत मरणानंतर वसूल होत असे. घर जाईल या भीतीने गरजू लोक अर्जच करीनात. २००२मध्ये तिच्या जागी आलेल्या भत्त्यातून वसुली वगळण्यात आली. अमेरिकेतही हीच भीती काम करते. घर मुलीला मिळावे म्हणून घरी मदतनीस घ्यायला नकार देणारी आई आणि तिला एकटीने उचलता-ठेवताना स्वतःचे कंबरडे मोडून घेणारी मुलगी कोणत्याही वसुलीच्या अहवालात मोजली जात नाही.

जर्मनीने १९९५मध्ये आणि जपानने २००० साली देखभालीचा विमा सक्तीचा केला, कारण कोणाच्या वाट्याला दहा वर्षांचा स्मृतिभ्रंश येईल आणि कोण झोपेत जाईल, हे कोणालाच ठरवता येत नाही. अशी जोखीम सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घ्यायची असते. अमेरिकेत हा प्रयोग वॉशिंग्टन राज्याने सुरू केला. तिथे जुलै २०२३पासून पगारातून ०.५८ टक्के कापले जातात आणि त्यातून गरज पडेल त्याला ३६,५०० डॉलरपर्यंतची देखभाल देण्याची योजना आहे. ही कपात ऐच्छिक करावी, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांपुढे गेला आणि त्यांनी तो नाकारला. नर्सिंग होमची काही महिन्यांची फी भागेल, एवढीच ही रक्कम. पण ती माणूस जिवंत असताना मिळते आणि मागाहून कोणी परत मागत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिन परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्याही दारात हा प्रश्न आला आहे. मुलांनी बोलावून घेतलेले आई-वडील ग्रीन कार्डावर असले, तर सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी मेडिकेडला पात्र ठरतात. सकाळी व्हॅन येते, आजी-आजोबांना अडल्ट डे केअर केंद्रात नेते. तिथे भारतीय शाकाहारी जेवण, भजने, रक्तदाब तपासणी, आणि दुपारी परत घरी. बहुतेकांच्या लेखी ही फुकटची सोय. प्रत्यक्षात न्यू जर्सी हे वसुलीची व्याप्ती मोठी ठेवणाऱ्या राज्यांपैकी आहे. पंचावन्नाव्या वर्षानंतर मेडिकेडने दिलेल्या सगळ्याच सेवांचा खर्च, विमा कंपन्यांना दिलेल्या मासिक रकमांसह, ते मृताच्या मालमत्तेतून मागते आणि मालमत्तेत संयुक्त नावावरची मिळकतही धरते. आई-वडिलांच्या नावावर काही नसेल तर प्रश्न उद्भवत नाही. पण घर घेताना मुलाने वडिलांचेही नाव कागदांवर घातले असेल, तर तेवढ्या हिश्श्यावर दावा येऊ शकतो. अर्जात सगळी मालमत्ता जाहीर करायची असते, पुण्या-नाशिकचा फ्लॅटही.

अशा घरांसाठी कायद्यातली एक तरतूद फार मोलाची आहे. आई किंवा वडील नर्सिंग होममध्ये जाण्यापूर्वी सलग दोन वर्षे त्यांच्या घरात राहून ज्या मुलाने किंवा मुलीने त्यांची अशी सेवा केली, की त्यामुळे त्यांचे नर्सिंग होममध्ये जाणे लांबले, त्या अपत्याच्या नावे घर करून दिले तर मेडिकेड त्याबद्दल मदत नाकारत नाही. घरात हिस्सा असलेल्या आणि तिथे किमान वर्षभर राहिलेल्या, आई किंवा वडिलांच्या भावंडालाही असेच घर देता येते. केलेली सेवा मात्र सिद्ध करावी लागते. त्या पत्त्यावरचा वाहन परवाना, कराची विवरणपत्रे आणि या देखभालीविना रुग्णाला नर्सिंग होममध्येच ठेवावे लागले असते असे लिहून देणारे डॉक्टरांचे पत्र, हे सगळे लागते. शिवाय घराचे हस्तांतर आई-वडील हयात असतानाच व्हावे लागते. म्हणून हे कागद नर्सिंग होमचा विषय घरात पहिल्यांदा निघतो, त्याच आठवड्यात जमवायला घ्यावेत आणि त्या राज्यातल्या वृद्धांच्या कायद्याच्या वकिलाला किंवा मोफत कायदेशीर मदत केंद्राला दाखवावेत.